मध्ये काच नव्हती

माझ्या मामांना गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे कोणीतरी मला मध्येच थांबवून विचारणार. उभा जन्म गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेला, आणि गाडी फाटकाबाहेर काढायची वेळ आली की मामा दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायचे. त्यांचं काम काचेचं. समोरची मोठी काच, तिच्या कडेचं रबर, वायपर, आतून धरणारी वाफ, समोरून येणाऱ्या दिव्यांची तिरीप, एवढंच त्यांचं जग. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

मी त्याच वर्कशॉपमध्ये फोनवर बसते. मी मामा म्हणते म्हणून सगळं वर्कशॉप त्यांना मामा म्हणायला लागलं, अगदी मालकसुद्धा, आणि मालक तर मामांपेक्षा वयानं मोठे. दिसण्याबद्दलची कुठलीही तक्रार आली की ती मामांकडे ढकलायची, असं ठरूनच गेलं होतं. लोकांना काय काय दिसतं, ते माझ्या खुर्चीत बसल्याशिवाय कळायचं नाही. एका बाईंच्या काचेत भर दुपारी पांढरा चौकोन तरंगायचा. एका गृहस्थांना अंधार पडला की समोरच्या प्रत्येक दिव्याशेजारी त्याचं फिकट जुळं भावंड दिसायचं. आणखी एकजण म्हणाले, सकाळी गाडीत बसलं की ढगात बसल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, मग तक्रार कशाची आहे? माझा स्वभावच तसा, जीभ काही केल्या आत राहत नाही.

मामा मात्र कुणालाही हसत नसत. गाडी आली की आधी काचेला कुणाला हात लावू देत नसत, पुसणं तर दूरच. गाडीच्या मालकाला विचारायचे, "काय दिसतं ते सांगा." काय बिघडलंय असं नाही, काय दिसतं. मग त्याच्या सीटवर जाऊन बसायचे, सीट जराही न हलवता. माणूस बुटका असेल तर पाठ घसरवून त्याच्या उंचीला यायचे, उंच असेल तर खाली उशी घ्यायचे. त्यासाठी एक चपटी झालेली निळी उशी कायम त्यांच्या काखेत असायची. आणि मग नुसते बसून राहायचे, काचेकडे बघत. बघणाऱ्याला वाटावं, डुलकी लागली. मध्येच काचेवर हळूच तोंडाची वाफ सोडायचे आणि ती कुठून कशी विरते ते बघायचे. शेडच्या पत्र्यांतून उन्हाचे कवडसे पडलेले, आजूबाजूला ठोकाठोक चाललेली, आणि मामा काचेआड कुठल्या तरी दुसऱ्याच गावी गेलेले. चहा आला तरी त्यांना तिथून बोलावून आणावं लागायचं.

बाईंचा पांढरा चौकोन म्हणजे डॅशबोर्डवर ठेवलेल्या कागदी रुमालांच्या डब्याचं प्रतिबिंब निघालं. ढगातल्या गृहस्थांची गाडी नवीकोरी होती, तिच्यातलं प्लास्टिक उन्हानं तापून काचेला आतून तेलकट पापुद्रा धरत होता. जुळ्या दिव्यांचं कारण मात्र सापडलं नाही. मामांनी काच बदलून पाहिली, जुळी भावंडं तिथल्या तिथे. मामा म्हणाले, आता दुसऱ्या कारखान्याची काच लावून बघू. मला ते जरा अतीच वाटलं. मी त्या गृहस्थांना फोनवर सहज म्हटलं, एकदा डोळे तपासून घ्या ना. मामा माझ्या मागेच उभे होते. त्यांनी मला फोन खाली ठेवू दिला.

"गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर जायचं नाही," ते म्हणाले. "त्याला दिसतंय म्हणजे आहे. आपल्याला सापडत नाही, हा आपला दोष."

ही त्यांच्या उस्तादांची शिकवण. एका ठेंगण्या म्हाताऱ्याला म्हणे काचेतून रस्ता हलताना दिसायचा, आणि सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. उस्ताद त्याच्या उंचीला वाकले, तर काचेच्या खालच्या पट्टीत खरोखरच लाट होती. मामा तेव्हा विशीतले. ती लाट त्यांनी स्वतः पाहिली, आणि तेव्हापासून माणसाच्या डोळ्यांवर शंका घेणं त्यांना पाप वाटायला लागलं. त्या दिवशी मी काही चुकीचं बोलले असं मला अजूनही वाटत नाही. पण मामांचा आवाज असा लागला होता की त्या गृहस्थांकडे मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता मामीचं सांगते. मामी गाडी शिकवायची. छोटीशी चौकोनी गाडी, टपावर शिकाऊंची पाटी, आणि शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक. त्या ब्रेकवर पाय ठेवून तिनं अर्धं गाव रस्त्यावर आणलं. ती कधी ओरडायची नाही. ब्रेक आपल्या पायाखाली असला की आवाज चढवावा लागत नाही, म्हणायची. एखादी नवशिकी घामाघूम होऊन रडकुंडीला आली की मामी खिडकीबाहेर बघत तिला विचारायची, तुमच्याकडे मांजर आहे का गं? पोरगी मांजराचं सांगता सांगता चौक पार करून जायची. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. मामी म्हणायची, मला रोज नवं लेकरू मिळतं आणि संध्याकाळी परतही करता येतं.

मला मात्र ती शिकवू शकली नाही. शेजारी मामी बसली की मी गप्पांत रस्ता विसरायचे, म्हणून तिनंच मला गाडीतून उतरवलं. आणि मामांची तर वेगळीच तऱ्हा. लग्न नवं होतं तेव्हा हौसेनं शिकायला बसले, पण रस्ता बघतच नव्हते. काचेवर एक बारीकसा ठिपका होता, त्याच्यावर डोळा ठेवून गाडी थेट एका दुकानाच्या पायरीपर्यंत नेली. मामीनं ब्रेक दाबला म्हणून निभावलं. काचेकडे नाही हो, काचेतून बघा, असं सांगून ती थकली. मामांची नजर काचेपाशी अडायची ती अडायचीच. शेवटी दोघांनी हसून नाद सोडला. मामी चालवणार आणि मामा शेजारी बसणार, तेही त्या दुसऱ्या ब्रेकला धक्का नको म्हणून पाय आखडून.

संध्याकाळी शेवटचा शिकाऊ उतरला की मामी वर्कशॉपच्या फाटकाशी यायची आणि आम्हा दोघांना घेऊन तलावाच्या बांधावर जायची. गावाबाहेर मोठा तलाव आहे, त्याच्या बांधावरून अरुंद रस्ता जातो, मधोमध गाडी थांबवण्यापुरती जागा आहे. ऊन उतरलं की पाण्यावरून थंड हवा यायची. पलीकडच्या काठावर एकेक दिवा लागायचा आणि त्याच्याखाली पाण्यात आणखी एक. तिघंही काचेतून ते बघत बसायचो. मी इतकी बडबडी, पण तिथे मलाही काही सुचायचं नाही. वरचे दिवे खरे की खालचे, असं वाटण्याइतका वेळ आम्ही तिथे बसत असू.

अशाच एका संध्याकाळी परत येताना मामी म्हणाली की दिव्यांना फुलं आली आहेत. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती तिला रंगीत कडं दिसत होतं, आतून निळसर, बाहेरून तांबूस. सांगताना तिचा आवाज खुशीतच होता. मामा मात्र ताठ बसले. गिऱ्हाईक घरातच निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळी उशी घेऊन मामा तिच्या सीटवर. एरवी बायकोला अगं-तुगं करणारा माणूस, पण कामावर असल्यामुळे तिलाही म्हणाले, काय दिसतं ते सांगा. सकाळी काहीच दिसत नव्हतं, सगळं लख्ख. संध्याकाळ झाली की पुन्हा फुलं. मामांनी निदान केलं, तलावाची दमट हवा. आतून इतकी बारीक वाफ धरत असणार की नुसत्या नजरेला कळत नाही. त्यांनी काच आतून धुतली. मग वायपरचं रबर बदललं. मग पॉलिश मारलं. फुलं गेली नाहीत, उलट त्यांच्यात धुकं मिसळलं. संध्याकाळी मामीचं डोकं ठणकायला लागलं, झोपून उठलं की बरं वाटायचं. मामा म्हणाले, खराब काचेतून बघून डोकं दुखणारच, आणि त्यांनी सबंध काच बदलली. इतकी नितळ काच त्यांनी आजवर कुणाला बसवून दिली नसेल. कडेचं सीलंट वाळेपर्यंत ते गाडीजवळून हलले नाहीत.

त्याच सुमाराला मामीच्या गाडीला ओरखडे दिसायला लागले, कधी या बाजूला, कधी त्या. शिकणारे खरचटवतात, म्हणून ती विषय मोडायची. मग एके दिवशी तिची एक शिकाऊ मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळली. बाजूनं सायकलवाला आला होता. मुलीनं घाबरून स्वतःच ब्रेक दाबला. मॅडमनी दाबला नाही, म्हणाली, त्यांना तो दिसलाच नसावा. मामीचा पाय चुकला, हे सूर्य चुकला म्हणण्यासारखं होतं.

मी तडक मामांकडे गेले आणि सांगितलं, मामा, काच पुरे झाली, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. मी मामीला शिवी दिली असावी तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. जी बाई दुसऱ्यांना रस्ता दाखवते तिच्या डोळ्यांवर जातेस, म्हणाले. आणि उशी उचलून निघाले, गाडीच्या बाजूच्या काचा तपासायला. मला असा संताप आला की हातातला पेला आपटावासा वाटला.

म्हणून मी मामीला स्वयंपाकघरात गाठलं. ती भांडी विसळत होती आणि एक पेला तिच्या हाताशी असूनही चाचपडून शोधत होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "मला माहीत आहे तू काय सांगणार ते. डॉक्टरकडे गेलं आणि त्यांनी पाटी उतरवा म्हणून सांगितलं तर? मी सकाळी उठून जाऊ कुठे?" मग हात पुसत म्हणाली, ते काच पुसताहेत तोवर पुसू दे. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी नुसती भीती उरली. मामी चुकली तर रस्त्यावर कुणाचं तरी लेकरू असणार होतं, आणि हे मामीलाही कळत होतं. ती शिकवण्या एकेक करून कमी करत होती, कुणाला न सांगता.

मामांचं पुसणं आता घरात आलं. बैठकीच्या दिव्यालाही फूल आहे असं मामीनं सांगितलं, तर मामांनी स्टुलावर चढून बल्ब पुसला. खिडक्या पुसल्या, आरसा पुसला, तिचा वाचायचा चष्मा पुसला. घर असं चकचकीत झालं की मी दोनदा बंद दाराच्या काचेवर आपटले. मामा दमलेले दिसायचे. झोपेतही त्यांचा हात गोल गोल फिरतो, असं मामी हसत सांगायची, आणि मला हसू यायचं नाही.

मग एका संध्याकाळी गाडीत फार उकडत होतं, म्हणून बांधावर आम्ही तिघंही खाली उतरलो. एरवी आम्ही कधी उतरत नसू. मामी कठड्याला टेकून उभी राहिली. हवा पडलेली, पाणी अगदी स्थिर, आभाळाचा रंग पाण्यात उतरलेला. पलीकडे दिवे लागायला लागले. मामी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आज फुलं फार मोठी आहेत हो. पाण्यातलीसुद्धा."

मामांनी सवयीनं खिशातलं फडकं काढलं, आणि त्यांचा हात तसाच राहिला. गाडी आमच्या मागे उभी होती. मामीच्या डोळ्यांवर चष्माही नव्हता. मामांनी हात पुढे केला आणि तिच्या नि दिव्यांच्या मधल्या हवेत सावकाश फिरवला, कुठे काही हाताला लागतं का ते बघत. मध्ये काच नव्हती. मग तोच हात ते हळूहळू तिच्या कानाच्या दिशेनं नेत गेले आणि अर्ध्या वाटेत थांबले.

"हा दिसतो?" त्यांनी विचारलं.

"काय?" मामी समोर बघत म्हणाली.

मामा कठड्याशी खालीच बसले. मी काच बघत बसलो, एवढंच म्हणाले, आणि तेही पाण्याकडे बघून. मामीनं चाचपून त्यांचा खांदा शोधला आणि म्हणाली, मी तरी कुठे धड सांगितलं. मी गाडीला टेकून रडत होते. तिघांपैकी कुणालाही काय करावं ते कळत नव्हतं, आणि अंधार पडायच्या आत घरी तर जायचं होतं.

किल्ली मामीनंच मामांच्या हातात ठेवली. मामा तिच्या सीटवर बसले, आणि जन्माच्या सवयीनं पाठ घसरवून तिच्या उंचीला आले. गुडघे स्टिअरिंगला लागत होते. शेजारच्या सीटवर मामी आपल्या ब्रेकवर पाय ठेवून बसली होती.

"सीट मागे घ्या," ती म्हणाली. "आता ही तुमची."

मामांनी सीट मागे घेतली. कुणाची सीट हलवताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. चालणारा माणूस पुढे निघून जाईल अशा बेतानं गाडी निघाली. तो रस्ता मामीला पाठ होता. आता कठडा संपेल, मग उतार, उताराला पाय सैल नको, असं ती समोर बघत सांगत होती. मामा काय दिसतं ते सांगत होते, एक कुत्रं आहे, एक बाई पिशवी घेऊन चालली आहे. काचेकडे नका बघू, मामी म्हणाली. मामा म्हणाले, नाही बघत. घराच्या दाराशी पोहोचेपर्यंत मागे गाड्यांची रांग लागली होती आणि सगळे भोंगे वाजवत होते, पण मामीनं आपला ब्रेक एकदाही दाबला नव्हता.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, काचबिंदू. मामांनी ते पुन्हा विचारून घेतलं. डोळ्यांतला दाब संध्याकाळी वाढायचा, त्यानं फुलं दिसायची आणि त्यानंच नजरेच्या दोन्ही कडा हळूहळू मिटत आल्या होत्या. लेझरनं आणि थेंबांनी उरलेली नजर टिकेल, गेलेली परत येणार नाही. आधी आला असता तर, असं डॉक्टर म्हणायला गेले आणि मामांचा चेहरा बघून थांबले. पाटी मामीनं स्वतः उतरवली. तिनं ती पुसली, कापडात गुंडाळली आणि कपाटावर ठेवली.

मामा मामीच्याच एका जुन्या शिष्येकडे गाडी शिकले. मामी मागच्या सीटवर बसून दोघांच्याही चुका काढायची. वर्कशॉपमध्ये मामा अजूनही सीट न हलवता बसतात आणि काय दिसतं ते विचारतात. फक्त त्यानंतर आपला हात गिऱ्हाइकाच्या कानाकडे सावकाश नेतात आणि विचारतात, हा दिसतो का? जुळ्या दिव्यांच्या गृहस्थांना त्यांनी माझ्या टेबलावरून स्वतः फोन केला आणि डोळे तपासून घ्यायला सांगितलं. मी फक्त नंबर लावून दिला.

दुसरा ब्रेक काढून टाकू का, असं मेकॅनिकनं विचारलं होतं. मामा म्हणाले, राहू दे.

परवा आम्ही पुन्हा बांधावर गेलो. थेंब घालून झाले होते, मामीचं डोकं हल्ली दुखत नाही. फुलं थोडीफार दिसत राहतील, त्याची काळजी करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. मामा चालवत होते. बांधाच्या तोंडाशी मामी म्हणाली, काच जरा धुरकट वाटते हो.

मामांनी गाडी कडेला घेतली. उतरले, फडकं काढलं, बाहेरून पुसली, मग वाकून आतून पुसली, तिच्या बाजूची जरा जास्तच. मी मागे बसून बघत होते. काच आधीच इतकी स्वच्छ होती की ती आहे की नाही हे कळू नये. मामा येऊन बसले आणि म्हणाले, "आता?"

"आता बरं आहे," मामी म्हणाली. मग म्हणाली, "काय दिसतं ते सांगा."

मामांनी समोर बघितलं. काचेतून, पार पलीकडे. रस्ता मोकळा आहे, म्हणाले. पाणी जरा खाली गेलंय. कठड्यावर एक बगळा आहे, आपल्याला बघून उडायचं की नाही ते ठरवतोय. पलीकडे दिवे लागताहेत.

"फुलं आहेत?"

मामांनी एकेक दिवा नीट बघितला. "मला नाही दिसत," ते म्हणाले. "तुला दिसतात?"

"दिसतात."

"मग आहेत."

मामीनं ब्रेकवरचा पाय काढला, चपला सोडल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसली. मामांनी गाडी पुढे घेतली.